खंड्याची पालखी आणि माझा रजेचा अर्ज

मागच्या लेखात आपण सिनॉप्सिसमध्ये संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा ते पाहिलं होतं. यावेळी तळटिपांवर लिहीन असं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलते. आज कुत्र्यांबद्दल लिहायचंय. विषय ऐकून हसू नका, कारण पुराव्याबद्दल मी जे काही शिकले त्यातला बराच भाग या एका विषयाने शिकवला.

सुरुवात घरापासून करते. आमचं घर चिखल्यात आहे. डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने नरपड ओलांडलं की पुढे चिखले, आणि मग घोलवड, बोर्डी. घरामागे थोडी चिकूची वाडी, पलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. आमचा काळ्या त्या सुरूच्या बनातूनच आला होता. मी बारावीत असताना एका सकाळी बाबा फिरून आले तर मागे हे काळं पिल्लू. दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका. "घरात घ्यायचं नाही," असं बाबांनी त्याच दिवशी बजावलं. दुसऱ्या पावसाळ्यात तो बाबांच्या खाटेखाली झोपत होता. पुढची बारा वर्षं वाडीत पाणी सोडायला, चिकू उतरवायला, संध्याकाळी समुद्रावर, कुठेही जायचं तर ते दोघं बरोबर.

गेल्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री काळ्या गेला. म्हातारा झाला होता, दोन दिवस खात नव्हता. सकाळी बाबांचा फोन आला. "काळ्या गेला गं," एवढंच बोलले. मी पुण्यात होते, आणि दोन दिवसांनी माझं सहामाही प्रगतीचं सादरीकरण होतं. मी गेले नाही. सादरीकरण केलं, एका साध्या तक्त्यातले आकडे उलटे वाचले, आणि मग शुक्रवारी रजेचा अर्ज दिला. अर्जात लिहिलं : प्रकृती ठीक नसल्यामुळे.

माझी प्रकृती ठणठणीत होती. पण "घरचा कुत्रा वारला" असं अर्जात लिहायचं धाडस झालं नाही. असं कारण लिहिलं तर रजा मिळाली नसती असंही नाही, कोणी विचारलंसुद्धा नसतं. मलाच लाज वाटली. हा अर्ज लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

घरी पोचले तोवर बाबांनी त्याला वाडीच्या कडेला, एका जुन्या चिकूखाली पुरलं होतं. खड्ड्यात मीठ घातलं होतं आणि वर दगड ठेवले होते, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बाबा त्यावर काही बोलत नव्हते. समुद्राकडे जायचं त्यांनी बंद केलं होतं. येणारे-जाणारे चांगल्या मनानेच म्हणत होते, "कुत्रंच होतं शेवटी, दुसरं आणा." बाबा मान हलवायचे. रात्री जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवायचे आणि मग आठवण झाल्यासारखा स्वतः खायचे.

एकच माणूस वेगळं बोलला. शेजारच्या मोठ्या वाडीचे ईराणी काका. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या पट्ट्यात पारशी आणि ईराणी कुटुंबं किती जुनी आहेत ते तुम्हाला माहीत असेल. काका आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमचा कुत्रा चार डोळ्यांचा होता. आमच्यात त्याला मान असतो." मग त्यांनी सगदीदबद्दल सांगितलं. जरथुष्ट्री रिवाजात माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याच्या नजरेखालून नेतात. ज्याच्या डोळ्यांवर ठिपके असतात तो 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम समजतात. वेंदीदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला वाईट अन्न देणं हा अपराध मानलाय. काका एवढं सांगून उठले. दुसरा कुत्रा आणा, असं म्हणाले नाहीत. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदाच फाटकापर्यंत गेले होते.

मी एमएस्सी प्राणीशास्त्राची. पीएचडी उत्खननात सापडणाऱ्या प्राण्यांच्या हाडांवर करते. माझ्यासारखीला दुःख झालं की ती काय करते? लायब्ररीत जाते. पुण्याला परतल्यावर मी स्वतःला एक प्रश्न लिहून दिला : माणसं कुत्र्यासाठी दुःख कधीपासून करतात, आणि ते आपल्याला कशावरून कळतं? पहिला अर्धा प्रश्न कोणालाही सुचतो, पण संशोधन दुसऱ्या अर्ध्यापासून सुरू होतं.

माझ्या विषयात हाडं बोलतात असं आम्ही म्हणतो. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सांगाडे सापडले, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. त्यांच्याबरोबर जनावराची काही हाडं होती. ती कुत्र्याची आहेत हे ओळखायला १९७० चं दशक उजाडलं. साठ वर्षं ती हाडं संग्रहालयातच होती, फक्त त्यांना कोणी तो प्रश्न विचारला नव्हता. २०१८ मध्ये एका गटाने त्याचे दात पुन्हा तपासले. ते सात महिन्यांच्या आसपासचं पिल्लू होतं, आणि दातांच्या एनॅमलवर अशा खुणा होत्या की त्याला लहानपणीच डिस्टेंपर झाला असावा. ज्यांनी डिस्टेंपर झालेलं पिल्लू पाहिलंय त्यांना माहीत आहे : उलट्या, जुलाब, झटके. उपचार नसताना ते काही आठवडे जगलं, याचा अर्थ कोणीतरी त्याला ऊब दिली, स्वच्छ केलं, पाणी पाजलं. शिकारीला किंवा राखणीला त्या पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता.

इथे मी थांबले आणि माझ्या वहीत लिहिलं : "१४,००० वर्षांपूर्वीचं प्रेम." दुसऱ्या दिवशी ते खोडलं. का? कारण दात सांगतात ते आजारपण आणि शुश्रूषा. पुरल्याचं कळतं ते मातीवरून. दुःख या दोन्हींत सरळ सापडत नाही, तो आपण काढलेला अर्थ आहे. अर्थ काढायला हरकत नाही, पण तो कोणत्या पायरीवर काढला ते माहीत हवं. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत माणसांबरोबर पुरलेली कुत्री सापडली आहेत. ती मेल्यावर प्रेमाने पुरली, की मालकाबरोबर जावीत म्हणून मारून पुरली? हाडं शेजारी-शेजारी असणं दोन्ही गोष्टींत सारखंच दिसतं. पेटच्या मुलाखतीत तुम्हाला "पुराव्याची मर्यादा सांगा" असं विचारतात ना, ते हे.

आणि एक गोष्ट आमच्या कोकणपट्टीची. जास्त पावसाच्या, आम्लधर्मी मातीत हाडं लवकर विरतात. देशावरच्या कोरड्या मातीत ती हजारो वर्षं टिकतात. म्हणजे एखाद्या नकाशावर कुत्र्यांची दफनं एका भागात दिसली आणि दुसऱ्या भागात नाही, तर दुसऱ्या भागातली माणसं कोरडी होती असं होत नाही, कदाचित फक्त माती ओली होती.

हाडांनी हात टेकले की लेख वाचायचे. म्हणजे शिलालेख. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला इ.स. ९४९-५० चा एक शिलालेख आता बेंगळुरूच्या संग्रहालयात आहे. इतिहासाचे विद्यार्थी तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यातल्या तक्कोलमच्या लढाईसाठी वाचतात. आपल्या अभ्यासक्रमातही तो तेवढ्यापुरताच येतो. पण तो दगड मुळात उभा केलाय एका कुत्र्यासाठी. मनलेर नावाच्या सरदाराने लढाईत पराक्रम केला. धनी प्रसन्न झाला, "काय हवं ते माग" म्हणाला. मनलेराने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे बेळतूरच्या टेकडीवर रानडुकराशी लढताना तो कुत्रा मेला, डुक्करही मेलं. मनलेराने गावातल्या देवळासमोर त्याच्या नावाने दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. वर अशी तंबी घातली की जमीन सांभाळणारा पुजारी दगडाची पूजा न करता जेवला, तर कुत्र्याने केलेली पापं त्याला लागतील.

या तंबीवर मी बराच वेळ अडकले. कुत्र्याने अशी काय पापं केली असतील? चोरून दूध प्यायलं असेल! पण थट्टा बाजूला ठेवली तर दिसतं असं की मनलेराला भीती होती लोक विसरतील याची. जमीन देऊन, शापाची धमकी घालून त्याने रोजच्या आठवणीची सोय केली. हे दुःख आहे की आपल्या पराक्रमाची जाहिरात? दोन्ही असू शकतं. वीरगळावर कुत्र्याबरोबर मालकाचंही नाव कोरलं जातंच. तरी एक फरक बघा. बक्षीस मागताना त्याने जमीन मागितली नाही, कुत्रा मागितला, आणि कुत्रा गेल्यावर त्याच्यासाठी जमीन दिली. इतकं मात्र दगडावर आहे. नाव काळी आणि आमचा काळ्या, हा योगायोग पुरावा म्हणून शून्य किमतीचा आहे. तरी त्या दिवशी मी लवकर लायब्ररीतून निघाले.

आता महाराष्ट्रात येऊ. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात एव्हाना रायगडावरचा वाघ्या आला असेल. त्याआधी माहुलीला जाऊ, कारण तिथलं प्रकरण जास्त पक्कं आहे आणि कमी माहीत आहे.

साताऱ्याच्या पूर्वेला, पाच-सहा किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. एका काठावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव ते हेच. सातारच्या राजघराण्यातल्या लोकांची अंत्यसंस्कारांची आणि समाध्यांची ही जागा. थोरले शाहू महाराज, म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र, १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांची समाधी इथे आहे. आणि इथेच कुत्र्याची एक दगडी मूर्ती आहे. गावातले लोक त्याला खंड्या म्हणतात.

या कुत्र्याबद्दल लिहिणाऱ्यांत जेम्स ग्रँट डफ आहे. १८१८ नंतर तो साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी होता, आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत छापला गेला. तो सांगतो ते असं : शिकारीत वाघाने झेप घेण्याआधी या कुत्र्याने महाराजांना सावध केलं आणि त्यांचा जीव वाचला. महाराजांनी कुत्र्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला. पुढे महाराजांच्या मनाचा तोल गेलेला असताना सरदार भेटीला आले, तेव्हा त्यांनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. बरं वाटू लागल्यावरही महाराजांनी पुन्हा डोक्यावर काही घातलं नाही.

पहिल्यांदा वाचताना हे सगळं एकाच गोष्टीसारखं वाटतं, लहरी राजा आणि लाडका कुत्रा. ग्रँट डफलाही तसंच वाटायला हवंय, कारण सनद आणि पालखी या गोष्टी तो महाराजांच्या वेडेपणाच्या यादीतच टाकतो. पण वाक्य सुटं करून वाचायची सवय लावा. पगडीचा प्रसंग एका दिवसाचा आहे. त्याला लहर म्हणा, आजार म्हणा. सनद ही लहर नसते. सनदेला मजकूर लिहिणारा लागतो, नोंद करणारा लागतो, शिक्का लागतो. पालखीला भोई लागतात आणि भोयांना महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. राजाची ही इच्छा पाळली गेली, असं ग्रँट डफच सांगतो. म्हणजे साताऱ्याच्या कारभाराने, कितीतरी माणसांनी मिळून, दिवसेंदिवस एका कुत्र्याचा मान सांभाळला. यातल्या किती जणांनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं असेल, कोण जाणे. पण काम केलं.

आणि मग माहुलीचा दगड. तो कुठे आहे हे महत्त्वाचं. राजवाड्याच्या आवारात नाही, शिकारीच्या रानात नाही, तर ज्या नदीकाठी घराण्यातली माणसं जाळली आणि त्यांच्या समाध्या बांधल्या, तिथे. जागेची निवड हे विधान असतं. घराण्याच्या मसणवटीत कुत्र्याला जागा देणं म्हणजे तो घरातला होता असं सांगणं. आम्ही उत्खननात सांगाड्याची दिशा, खोली, शेजार नोंदवतो ते यासाठीच.

मी माहुलीला गेले ती बाबांना घेऊन. त्यांना सांगितलं नव्हतं की का चाललोय. साताऱ्याहून रिक्षा केली, घाटावर उतरलो, देवळं पाहिली. खंड्याच्या मूर्तीपाशी मी शाहू महाराजांची गोष्ट सांगायला लागले, सनद, पालखी, भोई. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "पालखीत बसला असेल का तो? आपला तर बैलगाडीत बसायचा नाही, उडी मारायचा." काळ्याबद्दल ते बोलले ते जूननंतर पहिल्यांदा.

या टप्प्यावर मला एक मोह झाला, तोही सांगते. शाहू महाराज सात वर्षांचे असताना, १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती लागले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटले. अठरा वर्षं शत्रूच्या छावणीत. सुटून आल्यावर आपल्याच माणसांशी लढून गादी मिळवावी लागली. मी कच्च्या मसुद्यात लिहिलं : "माणसांवर विश्वास टाकता न आलेल्या या राजाने तो कुत्र्यावर टाकला." वाक्य छान आहे ना? माझ्या गाईडनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला : पुरावा? पुरावा नव्हता. शाहू महाराजांनी आयुष्यभर कितीतरी माणसांवर विश्वास टाकला, त्यात बाळाजी विश्वनाथ आणि बाजीराव येतात. माझं वाक्य शाहू महाराजांबद्दल नव्हतं, ते बाबांबद्दल होतं, आणि खरं तर बाबांबद्दलही नव्हतं. खोडलं.

खंड्या आणि वाघ्या ही नावं तुम्हाला एका घरातली वाटत नाहीत का? मला वाटतात. खंडोबाच्या मूर्तीत आणि टाकावर घोड्याजवळ कुत्रा असतो. त्याचे भक्त ते वाघ्ये, आणि हे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. काही विधींत ते कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यातून खातात. कुत्र्याला देवाचं नाव आणि भक्ताला कुत्र्याचा मान, ही देवाणघेवाण आपल्याकडे जुनी आहे. रानात मेंढरं राखणाऱ्यांच्या देवाकडे कुत्रा नसेल तर कोणाकडे असणार?

आता रायगड. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यांच्या वाघ्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. समाधीजवळची मूर्ती १९३६ मध्ये इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून उभी राहिली. त्याआधी राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकामुळे ही कथा वाचकांपर्यंत पोचली होती. २०१२ मध्ये मूर्ती हलवली गेली आणि पुन्हा बसवली गेली, २०२५ मध्ये वाद परत उठला. या वादात दोन्ही बाजूंनी लोकांच्या भावना खऱ्या आहेत, त्यात मी इथे पडत नाही. विद्यार्थी म्हणून तुम्ही फक्त तारखा एका ओळीत लिहा. महाराजांचं निधन १६८० चं. मूर्ती १९३६ ची. मधल्या अडीचशे वर्षांत कथा कोणत्या कागदात पहिल्यांदा दिसते, हा तुमचा प्रश्न. श्रद्धा खोटी आहे का, हा तुमचा प्रश्न नव्हे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला मालकाच्या कबरीवर वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या बॉबी नावाच्या कुत्र्याचा असाच पुतळा आहे. यान बाँडेसन या अभ्यासकाने २०११ मध्ये त्या कथेचे धागे असेच एकेक करून तपासले आणि तिची बरीच पडझड झाली. पुतळ्याशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी मात्र कमी झालेली नाही.

हे सगळं एका कागदावर मांडल्यावर मला एक गोष्ट दिसली. वाघ्या आणि बॉबी या कथांत कुत्रा माणसासाठी शोक करतो. माहुलीला आणि आतकूरला माणूस कुत्र्यासाठी शोक करतो. पहिल्या प्रकारच्या कथेचा पुरावा कच्चा असून ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या प्रकारच्या कथेला सनद आहे, शिलालेख आहे, आणि ती एक तर वेडेपणाच्या यादीत जाते नाहीतर युद्धाच्या तपशिलाखाली दबते. कुत्रा आपल्यासाठी मेला तर आपण मूर्ती बसवतो, आणि कुत्र्यासाठी माणूस रडला तर विषय बदलतो. हे माझं मत आहे, प्रबंधातला निष्कर्ष नाही. चार उदाहरणांवर निष्कर्ष निघत नाही.

मग सामान्य माणसांचं काय? राजे आणि सरदार दगड उभारू शकत होते. चिखल्यातला, साताऱ्यातला, मुंबईतला साधा माणूस त्याचा कुत्रा गेल्यावर काय करत होता, हे कुठे सापडणार? एक जागा आहे, जिथे कोणी सहसा बघत नाही : पोलिसांचे आणि सरकारचे कागद. ६ जून १८३२ ला मुंबईच्या कोटात दंगल झाली. भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावलं होतं. बक्षिसाच्या लोभाने पोलिसांचे शिपाई लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही ओढून मारू लागले. पारशी वस्तीत लोक चिडले, शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. यावर जेसी पालसेतिया या अभ्यासकाचा २००१ मधला एक चांगला लेख आहे. पारशी समाज आणि कंपनी सरकार यांचे संबंध कसे होते, हा त्या लेखाचा गाभा. मी तो वाचला ईराणी काकांच्या ओट्यावरच्या बोलण्यानंतर, त्यामुळे मला त्यात दुसरंही दिसलं. ज्यांच्या दारातून कुत्रा ओढून नेला ती माणसं. त्यांची दुःखं कोणी लिहून ठेवली नाहीत. ती रस्त्यावर आली, कायद्याला आडवी गेली, म्हणून 'दंगल' या शीर्षकाखाली आपल्याला सापडतात.

तेव्हा व्यवहाराची गोष्ट सांगते. पुराभिलेखागारात सूची चाळताना 'शोक' किंवा 'प्रेम' असं शीर्षक शोधू नका, ते नसतं. खर्च बघा, नेमणुका बघा, इनामं बघा, तक्रारी बघा, दंडाच्या पावत्या बघा. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या दशकात छापले, ते बहुतेक विद्यापीठांत आहेत. मोडी अजून येत नसेल तर तिथून सुरुवात करा. प्राणी तिथे शिकारीच्या, भेटींच्या, खर्चाच्या नोंदींत असतात. माणसाने जिथे पैसे खर्च केले किंवा नियम मोडला तिथे त्याच्या मनाची चाहूल लागते.

आणि जिथे त्याने तेही केलं नाही तिथे? इथे माझा रजेचा अर्ज येतो. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक लिहिलं ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. जे उघड करता येत नाही, ज्याला सुतक नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही. पाळीव जनावराचं जाणं त्यात येतं. हे वाचलं तेव्हा मला तो अर्ज आठवला. विभागाच्या फाईलमध्ये तो अजून आहे. दोनशे वर्षांनी कोणी पीएचडीचा विद्यार्थी 'एकविसाव्या शतकातल्या संशोधकांचं आरोग्य' असा विषय घेऊन ती फाईल उघडेल, आणि मोजेल : जून महिना, पावसाळा, एक विद्यार्थिनी, प्रकृती अस्वास्थ्य. तो मला तापाच्या रकान्यात टाकेल. कागद अस्सल, सही माझी, तारीख बरोबर, आणि मजकूर खोटा. आपल्याकडे अस्सल कागद आणि खरा कागद यांत फरक करायला शिकवतात, मी तो दुसऱ्या वर्षात पाठ केला होता. मी स्वतः तसा कागद तयार करीन असं वाटलं नव्हतं.

किती जणांनी असंच काहीतरी लिहिलं असेल? पोटदुखी, पाहुणे, गावी काम. ती सगळी दुःखं दप्तरात आहेत, फक्त दुसऱ्याच नावाने. ती मोजता येणार नाहीत. पण "उल्लेख सापडत नाही, म्हणजे लोकांना काही वाटत नव्हतं" हे वाक्य मी आता लिहीत नाही, कुत्र्यांबद्दल नाही आणि दुसऱ्या कशाबद्दलही नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा उत्खननात वापरतो तसलं एक नोंदकार्ड बरोबर नेलं होतं. चिकूखालची जागा मोजली. घराच्या मागच्या कोपऱ्यापासून अंतर, फाटकापासून अंतर, दिशा. बाबा टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. "खोली किती?" मी विचारलं. "कमरेइतकी," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "थोडी जास्तच. पाऊस होता ना, माती खचत होती." प्रकार या रकान्यात मी 'दफन, कुत्रा, नर, प्रौढ' लिहिलं. नाव हा रकाना त्या कार्डावर नसतो. बाबांनी विचारलं, नाव कुठे लिहायचं. मी वर कोऱ्या जागेत बोट दाखवलं. त्यांनी चष्मा आणला, पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं.